तारावा : एका रस्त्याचं बेट

फिजीतल्या नांदीहून उत्तरेकडं तीन तास उडाल्यावर खिडकीतून तारावा दिसायला लागतं, तेव्हा माणसं राहतात ती जमीन नेमकी कुठली हे पटकन कळत नाही. गडद निळ्या समुद्रात फिकट हिरव्या पाण्याचा एक मोठा त्रिकोण आणि त्याच्या दोन कडांना माडांची बारीक रेघ. ती रेघ म्हणजेच जमीन. एके काळी इथं ज्वालामुखीचा डोंगर होता. तो लाखो वर्षं खचत गेला आणि त्याच्या काठानं वाढणारं प्रवाळ तेवढ्याच गतीनं वर येत राहिलं. डोंगर पाण्याखाली गेला, प्रवाळाचं कडं उरलं, मधे उथळ लगून राहिलं. चार्ल्स डार्विननं १८४२ मध्ये मांडलेला हा तर्क पुढं १९५२ मध्ये एनिवेटोक बेटावर खोल भोकं पाडून खरा ठरला.

देशाचं नाव आपण नकाशावर किरिबाटी असं वाचतो, तिथले लोक किरिबास म्हणतात. ३३ बेटं, सगळी मिळून फक्त ८११ चौरस किलोमीटर जमीन. त्या बेटांभोवतीचा देशाच्या हक्काचा समुद्र मात्र सुमारे ३५ लाख चौरस किलोमीटर आहे, भारताच्या क्षेत्रफळापेक्षाही मोठा. लोकसंख्या साधारण १ लाख २० हजार, आणि त्यातली निम्म्याहून जास्त माणसं तारावाच्या दक्षिणेकडच्या एका पट्टीवर राहतात. माझी मावसबहीण तिथं पाणीपुरवठ्याच्या प्रकल्पावर नोकरीला आहे. फोनवर तिच्याकडून ऐकलेलं तारावा मला प्रत्यक्ष पाहायचं होतं. त्याहून जास्त पाहायचं होतं ते हे, की आपलं म्हणावं असं कुणीही नसलेल्या ठिकाणी तिनं माणसं कशी मिळवली.

बोनरिकीच्या विमानतळावर ती मोगऱ्यासारख्या वासाच्या फुलांचा गजरा डोक्यावर घालून उभी होती, आणि तसाच एक माझ्यासाठी हातात. गाडीत बसण्याआधीच तिनं धावपट्टीच्या पलीकडचं मोकळं रान दाखवलं. "हे बघ, सगळ्या गावाचं पाणी इथून येतं." प्रवाळाच्या बेटावर नदी नसते, ओढा नसतो. पडलेला पाऊस सच्छिद्र खडकात झिरपतो आणि खाली मुरलेल्या समुद्राच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतो, कारण गोडं पाणी वजनानं हलकं असतं. बेट जिथं रुंद तिथं हा गोड्या पाण्याचा थर जाड. बोनरिकी आणि शेजारचं बुओता ही त्यातल्या त्यात रुंद ठिकाणं, म्हणून जमिनीत आडव्या सच्छिद्र नळ्या पुरून तिथलं पाणी हळूहळू ओढून घेतात. जोरानं उपसलं तर खालचं खारं पाणी वर येतं. बाकी पट्टीवर घरं, डुकरं, संडास आणि पूर्वजांच्या कबरी अगदी दाटीवाटीनं आहेत, त्यामुळे तिथल्या विहिरींचं पाणी पिण्याजोगं राहिलेलं नाही. नळाला दिवसाकाठी थोडाच वेळ पाणी येतं. ज्यांच्या छपराला पन्हळी आणि टाकी आहे, ते पावसाचं साठवतात.

ताईच्या नोकरीतला सगळ्यात अवघड भाग पंपांचा नाही. पाण्याचं राखीव क्षेत्र ज्यांच्या पूर्वजांच्या जमिनीवर आलं, त्या कुटुंबांशी सरकार अनेक वर्षं भाडं आणि भरपाई यांवर बोलत आलं आहे. तिथं माडापाठी मालक आहे आणि घरापाठी वहिवाट. देशी जमीन परक्या माणसाला विकता येत नाही, असा इथला जुना कायदा आहे. बाहेरून आलेला माणूस कितीही वर्षं राहो, तो भाडेकरूच राहतो. म्हणून त्याचं इथलं स्थान जमिनीवरून ठरू शकत नाही. ते लोकांवरून ठरतं.

बोनरिकीहून पश्चिमेच्या टोकापर्यंत रस्ता एकच, तीसेक किलोमीटरचा. काही ठिकाणी तर त्याच्या एका बाजूला महासागर फुटत असतो आणि दुसऱ्या बाजूला लगूनचं संथ पाणी दिसतं. बेटं मुळात सुटी होती, भराव घालून ती जोडली. ठणाणा गाणी लावलेल्या छोट्या बस सतत धावतात, हात केला की थांबतात. रस्त्याकडेला बर्फाच्या पेट्या घेऊन बायका ट्यूना विकायला बसलेल्या असतात. समुद्राच्या बाजूला वाळूच्या पोत्यांचे बांध दिसतात, काही फाटून वाळू सांडलेले. उधाणाच्या भरतीला पाणी थेट अंगणात येतं, आणि जमीन बहुतेक ठिकाणी समुद्रसपाटीपासून दोन-तीन मीटरच वर आहे.

ताईचं घर बिकेनिबेऊला. आसपास बाहेरच्यांची बरीच घरं आहेत : ऑस्ट्रेलियन सल्लागार, न्यूझीलंडचे शिक्षक, जपानी स्वयंसेवक, फिजीचे हिशेबनीस. सगळ्यांचे करार साधारण दोन-तीन वर्षांचे. जो जातो त्याचा पंखा, सायकल, मच्छरदाणी येणाऱ्याला मिळते. मालवाहू जहाज लांबलं की कांदे-बटाटे संपतात, मग कुणाकडं किती उरलेत याची विचारपूस होते. रविवारी होडी काढून पलीकडच्या निर्मनुष्य वाळूवर सहल ठरते. ही मंडळी एकमेकांना मनापासून सांभाळतात, आजारपणात रात्रीची जागरणं करतात. पण त्यांच्यातले काही जण दोन वर्षं राहून परतताना एकाही शेजाऱ्याच्या घरी जेवलेले नसतात. ताईचं पहिलं वर्ष तसंच गेलं, आणि त्या वर्षी ती फोनवर सारखी परत यायचं म्हणत होती.

परक्यांभोवतीच्या या कुंपणाचा इतिहास जुना आहे. १८८९ मध्ये रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हा लेखक बायकोसह दक्षिणेकडच्या अबेमामा बेटावर उतरला. तिथला राजा तेम बिनोका परक्यांना सहसा थारा देत नसे. स्टीव्हन्सनला त्यानं नीट पारखलं, मग परवानगी दिली, आणि पाहुण्यांसाठी घरंच्या घरं उचलून आणून एक वस्ती उभी केली. तिच्याभोवती त्यानं निषिद्ध सीमा आखली, प्रजेतल्या कुणी ती ओलांडायची नाही. पाहुण्यांच्या सोयीसाठी आणि राजाच्या सत्तेसाठीही ते बरंच होतं. पुढं १८९२ मध्ये ब्रिटिश संरक्षण आलं, १९१६ मध्ये वसाहत झाली, आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची घरं वेगळी राहायची ती राहिलीच. आजच्या प्रकल्पांच्या घरांना तसली सीमा कुणी आखलेली नाही, पण जाळीच्या दारापाशी शेजारी आजही थबकतात.

ताईकडं ते दार उघडलं प्रेशर कुकरमुळे. शेजारच्या बाई एकदा आल्या, पायरीवर बसल्या, बराच वेळ मुलांबद्दल, पावसाबद्दल बोलल्या, आणि मग त्यांनी कुकर मागितला. ऑक्टोपस शिजवायचा होता, आणि तो साध्या भांड्यात फार वेळ घेतो. इथं याला बुबुती म्हणतात : आपल्या माणसाकडं सरळ मागणं. ज्याच्याकडं मागितलं त्यानं नाही म्हणणं ही लाजेची गोष्ट. मागणाऱ्याला त्यात कमीपणा नसतो, कारण उद्या त्याच्याकडंही मागितलं जाणार असतं. होडीचं इंजिन, शाळेची फी, डुकराचं पिल्लू, काहीही मागता येतं. ताईनं कुकर दिला. तो आठवडाभर परत आला नाही, चार घरं फिरला. आला तेव्हा त्यात भाजलेले मासे होते आणि रिंग ताणून सैल झालेली होती. मी गेले तेव्हा माझ्या पिशवीत पाच नव्या रिंगा आणि तीन शिट्ट्या होत्या. त्या तिच्यापेक्षा शेजारणींनी जास्त आनंदानं पाहिल्या.

पण नुसतं देत राहिल्यानं जवळीक झाली नाही, असं ताईनं सांगितलं. परदेशी माणूस देतो, कारण त्याच्याकडं असतं. लोक घेतात आणि अंतर तेवढंच राहतं. खरा फरक पडला तो तिनं मागितल्यावर. तिच्या टाकीचं पाणी संपलं, आणि कचेरीला फोन करण्याऐवजी ती बादली घेऊन शेजारी गेली. त्या दिवसापासून मुलं दार न वाजवता आत यायला लागली. मला हे ऐकताना आपल्याकडच्या चाळी आठवल्या. विरजणाच्या वाटीवर तिथंही नाती चालायची. इथला रिवाज त्याहून खूप खोल आणि बंधनाचाही आहे. स्थानिक माणसानं दुकान टाकलं तर नातेवाइकांना उधारी नाकारणं त्याला जड जातं, आणि दुकान बसतं, असं तिथलेच लोक सांगतात. पगारदार माणसाचा पगार कितीतरी घरांत वाटला जातो. तरी या दाट पट्टीवर, जिथं नोकऱ्या थोड्या आणि शेती जवळपास नाही, तिथं कुणी उपाशी झोपत नाही याचं मोठं कारण मला हाच रिवाज वाटला.

बिकेनिबेऊहून त्याच रस्त्यानं पुढं अंबो लागतं. तिथं भरावावर देशाची संसद आहे, तिचं नाव मानेआबा नि माउंगाताबू. मानेआबा म्हणजे गावाचं सभागृह, आणि प्रत्येक गावाला, प्रत्येक चर्चला ते असतंच. एका रविवारी प्रार्थनेनंतर ताईच्या शेजाऱ्यांनी आम्हाला त्यांच्या मानेआबात नेलं. उंच छप्पर, खाली उतरत आलेल्या वळचणी, भिंती नाहीत. आत जाताना प्रत्येकाला वाकावंच लागतं. जुन्या पद्धतीच्या मानेआबात कुठल्या कुळानं कुठं बसायचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं, आणि बोलण्याचा मान म्हाताऱ्या पुरुषांचा. केवड्याच्या जातीच्या झाडाच्या पानांच्या चटयांवर सगळे मांडी घालून बसले होते. पाय लांब करून दुसऱ्याकडं रोखायचे नाहीत, बसलेल्यांच्या समोरून ताठ चालत जायचं नाही. हे ताईनं आधीच सांगून ठेवलं होतं.

पाहुण्यानं उभं राहून आपली ओळख द्यायची असते. नोकरी, हुद्दा यात कुणाला रस नव्हता. आई कुठली, भावंडं किती, त्यांची लग्नं झाली का, गाव समुद्राजवळ आहे का, असे प्रश्न आले. रत्नागिरीकडची आहे म्हटल्यावर एका आजोबांनी विचारलं की तिथं माड कुणाच्या मालकीचे असतात. मग जेवण झालं : नीरफणस, नारळाच्या रसातला कच्चा ट्यूना, भात, डब्यातलं मांस, आणि खास प्रसंगी निघणारा बबाई. बबाई हा अळूच्या कुळातला प्रचंड कंद. गोड्या पाण्याच्या थरापर्यंत खड्डा खणून त्यात तो लावतात, पानांच्या करंडीत पाचोळ्याचं खत घालून वर्षानुवर्षं वाढवतात. कुणाच्या खड्ड्यात किती मोठा बबाई आहे ही घराण्याच्या प्रतिष्ठेची बाब, आणि कसं वाढवायचं ते तंत्र घराबाहेर सांगत नाहीत. उधाणाचं पाणी खड्ड्यात शिरलं की कंद कुजतो. अशा खड्ड्यांबद्दल लोक घरातलं माणूस गेल्यासारखे बोलतात.

जेवणानंतर नाच. हात पसरलेले, मान झटक्यानं वळणारी, नजर दूर : फ्रिगेट पक्ष्याच्या हालचालींवर हा नाच बांधलेला आहे. चेहऱ्यावर हसू आणायचं नाही, ते हलकं समजतात. मागं बसलेल्यांचा समूहस्वर आणि टाळ्या चढत जातात, आणि नाचणारीच्या डोळ्यांतून पाणी येतं. लोक मधूनच उठून तिच्या मानेवर टाल्कम पावडर टाकतात, अत्तराची फवारणी करतात. ही त्यांची दाद. आमची पाळी आल्यावर आम्ही दोघींनी भोंडल्याचं एक गाणं म्हटलं आणि फेर धरला. दुसऱ्या कडव्यापर्यंत सगळ्या मानेआबानं टाळ्यांचा ठेका पकडला होता. माझ्या पाठीवर कुणीतरी पावडरचा अर्धा डबा रिकामा केला. त्या वासानं मला शाळेतल्या स्नेहसंमेलनाच्या दिवसांपेक्षाही जास्त आनंद झाला.

अंबोच्या पुढं तेआओराएरेकेला दक्षिण पॅसिफिक विद्यापीठाची शाखा आहे, बायरिकीला सरकारी कचेऱ्या. बायरिकीहून शेवटचं बेट बेटिओ, जे बोलण्यात बेसो होतं. १९८७ मध्ये जपानी मदतीनं या दोन बेटांमधला बंधारा-रस्ता झाला. त्याआधी होडीनं जात.

आणि बेसोच्या किनाऱ्यावर जपानी तोफा गंजत पडल्या आहेत. २० नोव्हेंबर १९४३ ला अमेरिकी मरीन सैनिक इथं उतरले. भरती पुरेशी चढली नाही, होड्या प्रवाळाच्या कडेवर अडकल्या, आणि सैनिकांना छातीभर पाण्यातून शेकडो मीटर गोळ्यांच्या माऱ्यात चालावं लागलं. ७६ तासांत सुमारे हजार अमेरिकी मेले. बेटावर साडेचार हजारांहून जास्त जपानी सैनिक आणि कोरियन मजूर होते; जिवंत पकडले गेलेले जपानी सैनिक फक्त १७. आजही पाया खणताना हाडं निघतात. २०१५ मध्ये एकाच जागी तीसहून अधिक मरीन सापडले. मुलं बंकरच्या सावलीत खेळतात, वरती कपडे वाळत घातलेले असतात. जागा इतकी कमी आहे की युद्धाच्या सगळ्या खुणा वेगळ्या राखून ठेवणं परवडतच नाही.

त्या लढाईच्या वर्षभर आधीची एक गोष्ट मला जास्त बोचली. ऑक्टोबर १९४२ मध्ये जपान्यांनी बेसोला २२ परदेशी माणसांना ठार मारलं. त्यांतले १७ जण समुद्रावर नजर ठेवायला निरनिराळ्या बेटांवर नेमलेले न्यूझीलंडचे पहारेकरी, उरलेले ५ नागरिक. आल्फ्रेड सॅड हा इंग्लिश मिशनरी त्यांच्यात होता. युद्ध जवळ आल्यावर त्याला निघून जाता आलं असतं. तो बेरू बेटावरच्या आपल्या लोकांबरोबर थांबला. त्यांची नावं कोरलेला स्मृतिस्तंभ बेसोच्या दफनभूमीजवळ आहे. परक्या बेटाला आपलं म्हणण्याची इतकी किंमत कुणी मोजली असेल, हे तिथं उभं राहेपर्यंत माझ्या मनातही आलं नव्हतं.

परमुलुखात राहणं इथल्या लोकांनाही नवं नाही. पश्चिमेकडच्या बनाबा बेटावर १९०० पासून १९७९ पर्यंत फॉस्फेट खणलं. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या शेतांना खत मिळालं, बनाबाची मातीच निघून गेली. १९४५ च्या डिसेंबरात तिथल्या लोकांना दोन हजारांहून जास्त किलोमीटर दूर फिजीतल्या राबी बेटावर नेऊन वसवलं. त्यांचे वंशज आजही तिथं आहेत. त्याआधी १९३८ पासून गर्दीच्या दक्षिण बेटांवरची कुटुंबं फिनिक्स बेटांवर पाठवली, तिथं पाणी टिकेना म्हणून पुढं त्यांना सॉलोमन बेटांवर हलवलं. २०१४ मध्ये राष्ट्राध्यक्ष आनोते टोंग यांच्या सरकारनं फिजीत सुमारे २० चौरस किलोमीटर जमीन विकत घेतली, तेव्हा समुद्र चढला तर लोक कुठं जाणार, हा प्रश्न जगभर पोचला. पण मानेआबात भेटलेल्या कुणीही आपण देश सोडणार असं म्हटलं नाही. त्यांना विहिरी आणि बांध हवे आहेत.

बेसोच्या नाविक प्रशिक्षण केंद्रात १९६७ पासून खलाशी तयार होतात. जर्मन कंपन्यांच्या मालवाहू जहाजांवर त्यांनी नोकऱ्या केल्या आणि त्यांच्या पैशावर घरं उभी राहिली. सरकारचं मोठं उत्पन्न परदेशी ट्यूना जहाजांच्या परवाना शुल्कातून येतं. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे सीमा बंद झाल्या त्या जवळजवळ दोन वर्षं. शेकडो खलाशी आणि विद्यार्थी बाहेर अडकले. बेटावर राहिलेले थोडे परदेशी आणि बाहेर अडकलेले घरचे, दोघंही त्या काळात सारखेच तुटलेले होते. ताईची एक सहकारी तेव्हा इथंच थांबली होती. तिला शेजाऱ्यांनी रोज मासे पुरवले, आणि तिनं त्यांच्या खलाशी मुलांचे अर्ज लिहून दिले.

परतण्याआधी होडीनं उत्तर तारावाला गेलो. दाटी संपते, रस्ता पायवाट होतो, बबाईचे खड्डे हिरवेगार दिसतात. पहाटे आणि संध्याकाळी माडावरून पुरुषांची गाणी ऐकू येतात. माडाची न उमललेली पोय बांधून, तिचं टोक कापून रस काढायचा, ही कोकणातल्या भंडाऱ्यांचीच विद्या, फक्त इथं जवळपास प्रत्येक घरात ती येते. ताजा रस मुलांना देतात. दूधदुभतं नसलेल्या या बेटांवर त्यातूनच त्यांना क जीवनसत्त्व मिळत आलं. आटवून केलेली काकवी महिनोन्‌महिने टिकते. आंबलेला प्यायचा, पण चर्चच्या आणि घरच्या बायकांना ते मुळीच आवडत नाही. शेंड्यावर बसलेला माणूस गात असतो, त्यामुळे खाली अंघोळ करणाऱ्यांना तो वर आहे हे कळतं, असं कारण मला एका तरुणानं दिलं. मी खालून विचारलं, नीरा इथं विकता का? तो म्हणाला, मागितली तर देतो.

निघायच्या आदल्या संध्याकाळी शेजारच्या बाईंची मोठी मुलगी ताईकडं आली. ऑस्ट्रेलियातल्या वृद्धाश्रमात काम करायला ती पुढच्या महिन्यात जाणार होती. अशा नोकऱ्यांसाठी पॅसिफिकमधून दरवर्षी माणसं घेतात. तिच्या हातात वही होती आणि त्यात प्रश्न लिहून आणलेले. थंडीत आत काय घालायचं, पगारातून किती कापतात, खोलीला कुलूप लावायचंच का, पहिल्या महिन्यात कुणाशीच बोलणं झालं नाही तर काय करायचं. शेवटच्या प्रश्नावर ताईनं तिला जवळ बसवून घेतलं. आपण पहिल्या वर्षी काय काय केलं आणि काय करायला हवं होतं, ते ती तिला किरिबासी आणि इंग्रजीत मिसळून रात्री उशिरापर्यंत सांगत होती, आणि मुलगी वहीत लिहून घेत होती.